तुटलेल्या तारेवर दादा

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. मला राग येणार नाही. हेच मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं असतं, तर मीही हसून सोडून दिलं असतं.

पण हे ऐकीव नाही. त्या खुर्चीत मी बसले होते. त्या कीबोर्डवर माझी बोटं होती. आणि माझा खांदा घट्ट धरून माझी वहिनी उभी होती.

भुताखेताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे.

ही भरदुपारी घडली.

शनिवार होता. पाऊस असा लागला होता की खिडकीबाहेरचं झाडसुद्धा दिसत नव्हतं. जागा म्हणजे नदीवर लक्ष ठेवणाऱ्या खात्याचं ऑफिस. लांबट खोली, ओल आलेल्या भिंती, लोखंडी कपाटं आणि कोपऱ्यात भिजलेल्या छत्र्यांखाली साचलेलं तळं.

माझा सख्खा मोठा भाऊ, दादा, त्याच खात्यात होता. पण त्याची नेमणूक ऑफिसात नव्हती. वर दरीतल्या चौकीवर होती. चौकी म्हणजे नदीकाठची एकच खोली. तिथे राहायचं, पाण्याची पातळी मोजायची आणि खाली ऑफिसला कळवायची.

दरीत मोबाइल लागत नाही. म्हणून फार पूर्वी खांबांवरून टेलिफोनची एक तार ओढलेली होती. तारेच्या त्या टोकाला चौकीतला कॉम्प्युटर, या टोकाला ऑफिसातला. दोन्हीकडे एकेक मोडेम. कॉम्प्युटरला फोनवर बोलायला लावणारी डबी, एवढंच समजा.

त्यावर चालणारा प्रोग्रामही तितकाच जुना. काळा पडदा, हिरवी अक्षरं. वर पाण्याची पातळी दिसायची आणि खाली एक रिकामी ओळ. त्या ओळीत टाइप केलं की समोरच्याला दिसायचं. दादा तिला ‘गप्पांची खिडकी’ म्हणायचा.

शुक्रवारी रात्री पाणी चढलं.

चौकीकडून एक आकडा आला. मग ऑफिसवर वीज कडाडली आणि इथला जुना कॉम्प्युटर जळाला. त्यामुळे गप्प कोण झालं, चौकी की ऑफिस, हेच कुणाला कळेना. चौकीतला वायरलेस दुरुस्तीला गेलेला. म्हणजे विचारायचं तरी कुणाला?

सकाळी वहिनीचा फोन आला.

“अगं, तुझ्या दादाचा काही पत्ता नाही. इथले म्हणतात कॉम्प्युटर जळालाय, आता काही करता येत नाही. तू ये. तू तरी ये.”

मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. त्यातही जुनेपाने. सगळ्यांनी हात टेकले की शेवटी गाडी माझ्या दारात येते. घरात मला ‘भंगाराची डॉक्टर’ म्हणतात. हे नाव दादानेच ठेवलेलं.

मी लॅपटॉप आणि वायरींची पिशवी घेऊन पोचले. वहिनी बाकावर बसली होती. पदर भिजलेला, डोळे कोरडे. साहेब, म्हणजे तिथले इंजिनियर, वायरलेसपाशी उभे होते.

ते म्हणाले, “ताई, आमचा मुकादम माणसं घेऊन दरीच्या तोंडाशी थांबलाय. पुढे पायवाट. ती कधी ढासळेल सांगता येत नाही. चौकीत माणूस जिवंत आहे एवढं मला कळू दे, मी त्यांना आत्ता खाली उतरवतो. पण नुसत्या अंदाजावर मी चार जणांना मरायला पाठवू शकत नाही.”

वहिनी ताडकन उठली.

“आणि माझा नवरा मेला तर चालेल?”

साहेबांनी मान खाली घातली. माणूस वाईट नव्हता. कात्रीत सापडला होता.

म्हणजे सगळं माझ्यावर आलं.

जळालेल्या कॉम्प्युटरमधून प्रोग्राम मी माझ्या लॅपटॉपवर उतरवला. पण असला जुना प्रोग्राम म्हणजे हट्टी म्हातारा. त्याला जुनंच घर लागतं. मग लॅपटॉपच्या आत जुन्या कॉम्प्युटरचं सोंग उभं करावं लागतं. तेही केलं. मोडेम कपाटात दुसरा होता. पण तो जोडायचं ते रुंद, पिनांचं जुनं पोर्ट माझ्या लॅपटॉपला नाही. पिशवीतली जोडवायर लावली. लॅपटॉपने त्या वायरीला नाव दिलं कॉम सात.

आणि म्हाताऱ्याला दोनच दारं माहीत. कॉम एक आणि कॉम दोन. सातवं दार असतं यावर त्याचा विश्वासच नाही!

“पोर्ट सापडत नाही.”

परत केलं.

“पोर्ट सापडत नाही.”

सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलं, की बाबा, हा सात म्हणजेच तुझा एक. पडदा गोठला. बंद केला, परत सुरू केला. मोडेमचे दिवे लागले, लगेच विझले. वेग कमी केला. आणखी कमी केला. वहिनी एकसारखं म्हणत होती, “होईल गं, तुला येतं हे, होईल.” ती मला धीर देत होती की स्वतःला, देव जाणे.

शेवटी मोडेमने उत्तर दिलं. ओके.

मी टेलिफोनची वायर भिंतीतल्या खोबणीत खोचली. आधी रिसीव्हर कानाला लावून पाहिला.

गुणगुण नाही. खरखर नाही.

काहीच नाही...

साहेब म्हणाले, “टोन नाही ना? मग संपलं.”

“टोनची वाट न बघता नंबर फिरव, असं मोडेमला सांगता येतं,” मी म्हणाले. लाइन मेलेली असेल तर त्याचा उपयोग शून्य. हे मलाही माहीत होतं. पण बुडत्याला काडी.

नंबर फिरवला.

मोडेम गप्प.

बाहेर पाऊस. आत आमचे श्वास.

मग... मोडेमच्या छोट्या स्पीकरमधून ती किंचाळी आली. दोन मोडेम एकमेकांना ओळखतात तेव्हाची. मी ती हजारदा ऐकलीय. पण ही फार लांबून येत होती. बादलीत तोंड घालून कुणी ओरडावं तशी.

पडद्यावर अक्षरं उमटली. कनेक्ट.

वहिनीने माझा खांदा धरला तो तेव्हा. मी गप्पांच्या खिडकीत काहीही टाइप करायच्या आत तिथे ओळ आली.

“बारके आलीस?”

मला जगात ‘बारके’ म्हणणारा एकच माणूस होता.

वहिनी रडत रडत हसायला लागली. मीही. त्या घाईत एक गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही... या टोकाला मी बसलेय, हे त्याला सांगितलं कुणी?

मी टाइप केलं, “दादा, कसा आहेस?”

“पाणी आत आलंय. दार उघडत नाही.”

“लागलंय का कुठे?”

“नाही. थंडी आहे. दार उघडत नाही.”

साहेबांनी वायरलेस उचलला. “मुकादम, माणूस आहे! जिवंत आहे. आत अडकलाय. उतरा खाली, जपून.”

वहिनीला टाइप करता येत नाही. ती सांगत होती, मी लिहीत होते.

“अहो, मी आहे इथे.”

“तू कशाला आलीस पावसात”

“तुम्ही घाबरू नका. माणसं निघालीत.”

“किती वेळ लागेल त्यांना”

“येतीलच.”

“लवकर सांग. इथे फार अंधार आहे.”

मी खिडकीबाहेर पाहिलं. पाऊस होता, ढग होते. पण दुपार होती. दरीत जरा काळोख असेल. मी मनाशी म्हटलं.

साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. ते ओळी वाचत नव्हते. वरचा पातळीचा आकडा बघत होते. त्यांनी चष्मा पुसला. परत पाहिलं.

“हा आकडा चुकीचा आहे,” ते हळूच म्हणाले.

“का?”

“ताई, एवढी पातळी असेल तर पाणी चौकीच्या छपराच्या वर आहे.”

मी तो आकडा परत वाचला.

“मीटर बिघडला असणार,” साहेब म्हणाले. पण ते खुर्चीपासून जरा लांब सरकले.

तेवढ्यात दार उघडून लाइनमन आत आला. चिखलाने माखलेला, खांद्यावर तारेचं भेंडोळं. त्याने आमचा घोळका बघितला, पडदा बघितला.

“कुणाशी चाललंय?”

“चौकीशी,” मी म्हणाले.

“कुठल्या लाइनवर?”

“हीच की. चौकीची.”

त्याने खांद्यावरचं भेंडोळं जमिनीवर टाकलं.

“ताई, चौकीची लाइन ही काय. ऑफिसच्या फाटकाबाहेरचा खांब सकाळी रस्त्यावर आडवा पडला. गाड्या अडकल्या, म्हणून मीच कापली तार. पुढचे खांब तर नदीत लोळतायत.”

मी भिंतीकडे पाहिलं. वायर खोबणीत होती. खोबणीतून तार बाहेर जात होती. फाटकापर्यंत.

आणि तिथे संपत होती.

पडद्यावर ओळ आली.

“बारके गप्प का झालीस”

लाइनमन भिंतीला टेकला. वहिनीने मात्र माझा खांदा आणखी दाबला.

“लिही,” ती म्हणाली.

“वहिनी, तार तुटलीय...”

“मला तारेचं सांगू नकोस! ते विचारतायत ना? मग उत्तर दे.”

मी लिहिलं, “इथेच आहे दादा.”

“जाऊ नकोस”

“नाही जात.”

मग फार वेळ तो काहीबाही लिहीत राहिला. पाय बधिर झालेत. भिंत हलतेय असं वाटतं. वहिनीने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देत होता. लग्नाआधी पहिल्यांदा भेटलो तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात, असं तिने मला लिहायला लावलं. उत्तर आलं तशी ती मटकन बसली आणि मला म्हणाली, “तेच आहेत.”

ते उत्तर मी इथे सांगणार नाही. ते तिचं आहे.

उजेड उतरायला लागला तेव्हा वायरलेस खरखरला.

“साहेब, पोचलो.”

त्याच क्षणी पडद्यावर...

“आले. बॅटऱ्यांचा उजेड दिसतोय.”

वहिनी ओरडली, “आले! अहो आले!”

वायरलेसवर पावसाचा आवाज. मग मुकादम.

“साहेब... चौकी नाहीये.”

“नाही म्हणजे?”

“म्हणजे जागेवर नाही. जोतं तेवढं शिल्लक. भिंती, छप्पर, दार, काही नाही. रात्रीच वाहून गेलीय. मी जोत्यावर उभा आहे.”

पडद्यावर ओळ आली, “मुकादम दाराशीच उभा आहे. त्याला सांग दार ओढ.”

साहेबांनी ती ओळ वाचली. पण ते म्हणाले, “मुकादम, नीट बघ. हाका मार.”

वायरलेसवर आम्हाला त्या माणसांच्या हाका ऐकू येत होत्या. दादाचं नाव घेऊन मारलेल्या. आणि इथे पडद्यावर...

“ओ देतोय”

“ओ देतोय”

“ओ देतोय बारके ऐकत कसे नाहीत”

“कुणी नाही साहेब,” मुकादम म्हणाला. “पाण्याचं मात्र नवल आहे. एवढा पाऊस, आणि नदीला गुडघाभरच पाणी. अंधार पडतोय. निघू?”

साहेबांनी वहिनीकडे पाहिलं. तिने दोन्ही हात जोडले.

“थोडं थांबू द्या त्यांना. पाया पडते.”

“वहिनी, त्यांनाही बायकापोरं आहेत.”

“तिथे आहेत हो ते! दाराआड आहेत!”

“तिथे दारच नाही वहिनी,” साहेब म्हणाले. मग वायरलेसवर म्हणाले, “निघा.”

पडदा क्षणभर तसाच राहिला.

“ते वळले का”

“बारके ते परत का चालले”

“मला न घेता का चालले”

मी काय लिहिणार होते? तू नाहीस, असं लिहू? माझ्या बोटांना ते जमेना. वहिनी पुढे वाकली. तिला अक्षरं सापडत नव्हती. एका बोटाने शोधत शोधत तिने एकच शब्द लिहिला.

“येतील.”

उत्तर नाही.

हिरवा ठिपका लुकलुकत राहिला. वरचा पातळीचा आकडा, इतका वेळ गोठलेला, अचानक धावायला लागला.

“वरून आवाज येतोय”

“कसला?” मी लिहिलं.

“पाणी वर अडलं होतं. दरड पडून. ते सुटलं”

“त्यांना सांग पायवाट सोडा. सरळ डोंगर चढा”

“बारके लवकर सांग”

“लवकर”

मी किंचाळले. साहेब वाचत होतेच. एवढ्या पावसात गुडघाभर पाणी का, हे त्यांच्याही डोक्यात त्याच क्षणी शिरलं असावं. ते वायरलेसवर तुटून पडले.

“मुकादम! वाट सोड! सरळ वर चढा!”

“काय झालं साहेब?”

“विचारू नको! चढ रे बाबा, चढ!”

वायरलेस चालूच राहिला. धापा. घसरणारे दगड. कुणीतरी कुणाला तरी शिवी देऊन ओढत होतं. आणि मग तो आवाज. तो कसा होता ते मला सांगता येत नाही. खोलीतला टेबलसुद्धा थरथरला असं मला वाटलं.

मग शांत.

लाइनमन तोंडावर हात ठेवून उभा होता.

“साहेब...” मुकादम रडत होता. “सगळे आहोत. वर आहोत. पायवाट गेली, साहेब. आम्ही होतो ती सगळी गेली.”

पडद्यावर ओळ आली.

“चढले का”

मी लिहिलं, “चढले. सगळे वाचले, दादा.”

“बरं झालं”

थोडा वेळ काही नाही. मग एकेक अक्षर, सावकाश, दमलेल्या माणसाने लिहावं तसं...

“आता मला”

आणि त्याखाली प्रोग्रामची ओळ. नो कॅरियर. म्हणजे समोरचा राहिला नाही.

मी परत नंबर फिरवला. परत. परत. प्रत्येक वेळी मोडेम गप्प. किती वेळा फिरवला ते आठवत नाही. शेवटी साहेबांनीच माझा हात कीबोर्डवरून उचलला.

दादा नंतर सापडला. फार खाली, नदीच्या वळणावर. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, शुक्रवारी रात्रीच गेला. पाणी शिरल्यावर फार वेळ लागला नसेल, असंही म्हणाले. चांगुलपणाने म्हणाले असतील.

साहेबांनी वर काय कळवलं मला माहीत नाही. त्या शनिवारबद्दल त्यांनी आमच्याशी परत कधी एक अक्षर काढलं नाही. लाइनमनने बदली मागून घेतली.

बरेच दिवस गेले. मग एका दुपारी मुकादम वहिनीकडे आला. मीही होते. उंबऱ्यात चपला काढून तो खुर्चीच्या कडेला बसला. पाणी दिलं, ते तसंच हातात धरून राहिला.

“वहिनी, आमचा जीव कुणामुळे वाचला ते साहेबांनी सांगितलंय आम्हाला,” तो म्हणाला. “म्हणून आलो. आणि एक गोष्ट पोटात ठेवून झोप लागत नाही.”

“बोला ना.”

“जोत्यावर आम्हाला काही दिसलं नाही. काही ऐकूही आलं नाही. देवाशपथ. पण वर चढायला लागलो... तेव्हा मागून हाक आली.”

वहिनी हलली नाही.

“आम्ही म्हटलं, पाण्याचा आवाज. पण पाणी खाली राहिलं आणि हाक आमच्याबरोबर वर आली. चौघांनीही ऐकली. थांबा, थांबा, म्हणत होता. एकानेही मागे वळून बघितलं नाही. वर रस्त्यावर आमची जीप उभी होती, तिथपर्यंत मागे होती ती.”

वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण तोंडावर मात्र, कसं सांगू, सुटल्यासारखं काहीतरी होतं.

“म्हणजे दार उघडलं,” ती म्हणाली. “म्हणजे ते तिथून बाहेर पडले.”

मुकादमाने मान डोलावली. मग पेला खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“पण वहिनी... आम्ही जीपमध्ये बसलो आणि मी दार लावून घेतलं. फार घाबरलो होतो हो. तो बाहेरून काचेवर हात मारत होता. आणि आम्ही गाडी काढली.”



आता वहिनी सुट्टीच्या दिवशी त्या रस्त्याला जाते. जीप उभी होती त्या वळणावर. एकटीला सोडवत नाही म्हणून मीही जाते. ती दरीकडे तोंड करून दादाला हाका मारते. घरी चला म्हणते.

मी जरा मागे, गाडीपाशी उभी राहते. कान दोन्ही हातांनी घट्ट झाकून.

कारण तिच्या हाकेला ओ आली तर पुढे काय करायचं... हे मला अजून कळलेलं नाही.